अकरा हात जास्त

माझ्या आजेसासऱ्यांना लोक 'पाणाड्या' म्हणत. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ते झऱ्याची जागा सांगत. सासरे 'खडकफोडे'. माझे यजमान 'सरळदोर', कारण त्यांनी खणलेल्या विहिरीत ओळंबा सोडला तर तो कुठेही भिंतीला टेकत नसे. या तिघांमागे आमचा धाकटा लेक. त्याचे नाव लोकांनी 'विषखण्या' ठेवले आहे. ते कसे पडले, हे मीच सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या रंगाच्या कारखान्याने त्याला शोषखड्डा खणायला बोलावले. पावसाचे पाणी मुरवायचे आहे, पंचवीस हात पुरे, असे मॅनेजर म्हणाला. तेवढ्या खोलीला कोरडा मुरूम लागला. संध्याकाळी धाकटा जेवायला बसला, तेव्हा मी विचारले, "पाणी?"

"नाही लागलं. त्यांना नकोच आहे."

"त्यांना नसेल हवं. या घरानं आजवर कोरडं भोक कुणाच्या पदरात घातलेलं नाही. उद्या परत उतर."

"आई, शोषखड्डा आहे तो. विहीर नव्हे."

"मला शिकवतोस?"

तो उतरला. फुकटचे अकरा हात खणून त्याने झरा फोडला. मॅनेजर हसला म्हणे. मी मात्र त्या दिवशी मान ताठ ठेवून पाणवठ्यावर गेले.

यंदा उन्हे तापू लागली आणि ओढ्याकाठची कुंभारीण आमच्या अंगणात आली. तिने लोटा माझ्यापुढे आदळला. आतले पाणी पिवळे होते.

"पी."

"अगं, बस तरी."

"बसायला नाही आले. वासरू गेलं माझं. नातीच्या अंगावर फोड उठलेत. मळलेली माती दोन दिवसांत नासते, गाडगं भट्टीत तडकतं. तुझ्या लेकाला म्हणावं, माझ्या विहिरीत उतर आणि बघ काय ते."

बोलण्यासारखे आणखी एक तिच्याजवळ होते. ते ती बोलली नाही. एकतीस वर्षांपूर्वी विहिरीची दरड ढासळून माझे यजमान गळ्यापर्यंत गाडले गेले होते. कुदळ चालवली तर डोक्यात बसायची, म्हणून तिच्या नवऱ्याने नुसत्या हातांनी दगड उपसले. यजमान वाचले. कुंभाराची बोटे मात्र कायमची वाकडी झाली, तो पुन्हा चाकावर बसला नाही. चाक तिने हाती घेतले. त्या घराने ही गोष्ट एकदाही तोंडातून काढली नाही. जो मागत नाही, त्याचे ऋण जड.

धाकटा तिच्या विहिरीत उतरला. वर आला तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "टेकडीच्या अंगानं पाझरतंय. त्यांनी नासकं पाणी खड्ड्यात सोडलंय. पंचवीस हातांवर असतं तर मुरमात काही वर्षं अडलं असतं. आपण त्याला झऱ्यापर्यंत वाट करून दिली."

तो 'आपण' म्हणाला. 'तू' म्हणाला असता तरी खोटे नव्हते.

त्याने तक्रार केली. तपासणीचे अधिकारी यायच्या आदल्या दिवशी मॅनेजरची मोटारसायकल दारात उभी राहिली.

"आमच्या आवारात खड्डाच नाही," तो धाकट्याला गोड आवाजात म्हणाला. "फरशी आहे, वर कोळशाचा ढीग आहे. जागा तुला एकट्याला माहीत. दाखवलीस, तर पहिला प्रश्न येईल, खणला कुणी? मग कोण तुला आपल्या रानात कुदळ मारू देईल?"

सून उंबऱ्यातून म्हणाली, "खरं आहे ते. उद्या चुलीवर काय ठेवायचं, आत्याबाई?"

धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता. तक्रार म्हणजे या घराने दिलेला शब्द होता, आणि दिलेला शब्द मी आयुष्यात मागे घेतला नव्हता. मी उठले.

"मॅनेजरसाहेब, गाडी बाजूला घ्या. माझ्या सुनेला अंगण झाडायचंय."

दुसऱ्या दिवशी सारे गाव फाटकाशी लोटले. धाकट्याने कुंपणाच्या कोपऱ्याला पाठ लावली, पावले मोजली आणि ढिगापाशी थांबला. "इथं."

कोळसा ओढला, फरशी उचलली. पुढे उभ्या असलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

"कुणी खणला?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"मी. छत्तीस हात."

"विषखण्या!" मागून कुणीतरी थुंकले.

मी गर्दीतून पुढे झाले. "खणायला मी लावला. नाव ठेवायचं तर मला ठेवा."

कुणी ठेवले नाही. लोकांना म्हातारीपेक्षा कुदळवाला सोपा सापडतो.

कारखान्याला टाळे लागले. पण टाळ्याने झरा गोड होत नाही. ओढ्याकाठचे पाणी दहा वर्षे पिऊ नका, असे अधिकारी सांगून गेले. धाकट्याला कामाला कुणी बोलावीना. तेव्हा टेकडीच्या पलीकडे आमचे जे एकुलते रान आहे, तिथे त्याने कुदळ मारली. मजूर मिळाला नाही. सुनेने दोर ओढला, मी घमेली रिकामी केली. दीड महिन्यानंतर, एकेचाळिसाव्या हाताला पाणी लागले. तपासणीत ते स्वच्छ ठरले. मग विहीर आणि तिच्याभोवतीचे अर्धे रान आम्ही कुंभारणीच्या नावावर करून दिले.

कागद हातात घेऊन तिने विचारले, "आणि हे कशाबद्दल?"

"तुझ्या नवऱ्याच्या बोटांबद्दल," मी म्हणाले.

तिने कागदाची घडी केली. मग म्हणाली, "फिटलं. सगळं फिटलं."

तिने पदर खोचला आणि पोहरा आत सोडला. आमच्याकडे वळूनही पाहिले नाही. विहीर तिची होती.