राक्षसाला तीट

मी वासंती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही, म्हणून सगळ्यांच्या संसारात नाक खुपसायला मोकळी. आधीच सांगून ठेवते, की जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि हेतू चांगला होता.

आमच्या घरात तोंडावर नुसतं कौतुक करायची पद्धत नाही. बाळाला काजळाची तीट लावतात ना, तशी आम्ही प्रत्येक चांगल्या गोष्टीला एक खोड काढून ठेवतो, म्हणजे दृष्ट लागत नाही. प्रकाशदादाची बायको शोभावहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली, तेव्हा माझी थोरली बहीण अक्का तिला म्हणाली होती, "पोळी झकास, पण कडा जाड." वहिनी बिचारी माहेरी फोन करून रडली. मग हळूहळू तिलाही कळलं, की आमच्यात 'पण' आला म्हणजे माणूस पसंत पडला.

नुसतं गोड आम्ही कधी बोलतो? आमचा चुलतभाऊ माधव वकिलीच्या परीक्षेत पुन्हा आपटला, तेव्हा सगळ्यांनी त्याच्या अक्षराची तारीफ केली. अक्काच्या केतकीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या दिवशी तिच्या पांचट चहाला कुणी नाव ठेवलं नाही. ज्याचं काही खरं राहिलं नाही, त्याच्याशीच आम्ही गोड वागतो. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी माती खाल्ली.

आदित्य माझा भाचा, प्रकाशदादाचा मुलगा. इंदूरची चांगली इंजिनियरची नोकरी सोडून पुण्याला कार्टूनचे सिनेमे करणाऱ्या कंपनीत गेला. दादाने तेव्हापासून त्याच्याशी "जेवलास का" आणि "गाडी किती वाजता" एवढंच बोलणं ठेवलं होतं. आता त्याचा पहिला सिनेमा लागला. तीन शिंगांचा एक झिपरा राक्षस माणसांच्या कॉलनीत भाड्याने खोली घेतो आणि कुकरच्या शिटीला घाबरतो, अशी गोष्ट. त्या राक्षसाचं चालणं-बसणं-पडणं सगळं आमच्या आदित्यने केलेलं.

सिनेमा लागला, आणि मोबाइलवर जो तो मत द्यायला बसला. कुणी लिहिलं, पोरं हसून हसून लोटपोट झाली. कुणी लिहिलं, गोष्टच नाही, मला झोप लागली. एक शहाणा म्हणे, राक्षस आहे तर भीती का नाही वाटत. अरे बाबा, भीती वाटायला हवी असेल तर विजेचं बिल बघ.

आदित्य हे सगळं वाचत बसायचा. कंपनीने त्याला पुढच्या सिनेमासाठी विचारलं होतं, आणि इकडे इंदूरवाले जुन्या नोकरीवर परत बोलावत होते. दोघांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी तो उज्जैनला घरी आला तो उतरलेल्या तोंडानेच. मला म्हणाला, "आत्या, बाहेरच्यांचं जाऊ दे. उद्या आपले सगळे बघणार आहेत. तुम्हाला आवडला तर पुण्याला राहीन, नाहीतर बस, खूप झालं."

आमची माणसं मला माहीत आहेत. ही पोराला सोलून ठेवतील. म्हणून मी एकेकाला फोन केला आणि दम भरला, की उद्या कुणी एक शब्द वाकडा काढायचा नाही. माधव म्हणाला, "मतलब, थोडंसुद्धा नाही?" म्हटलं, बिलकुल नाही. अक्काला तर शपथच घातली. दादाला मात्र मी सांगितलं नाही. तो तसाही काही बोलणार नव्हता.

रविवारी सकाळचा खेळ नानाखेड्याच्या थेटरात बघितला. मी आयुष्यात कार्टून बघायला थेटरात गेले नव्हते, पण तो राक्षस कुकरला हात जोडून "आप पहले" म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. नंतर सगळे दादाकडे जेवायला. वहिनीने दाल-बाफले केले होते, म्हणजे डाळ आणि कणकेचे भाजलेले गोळे. तुपात बुडालेला बाफला समोर असताना माणसाने वाईट बोलूच नये, असा माझा हिशेब.

माधव म्हणाला, "सिनेमा फार छान."

केतकी म्हणाली, "फारच छान."

वहिनी म्हणाली, "रंग किती छान होते."

अक्का ताटात बघत म्हणाली, "हो. छान."

आदित्यने सगळ्यांकडे पाळीपाळीने बघितलं. मी मनात म्हटलं, वा वासंती, काम झालं. तेवढ्यात त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हातातला बाफला खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "इतका वाईट झालाय?"

केतकीने लगेच त्याच्या बाफल्यावर आणखी तूप वाढलं.

"माधवकाकाचं अक्षर, केतकीताईचा चहा आणि आता माझे रंग," तो म्हणाला. "कळलं मला. उद्या इंदूरला फोन करून टाकतो. बरं झालं, निकाल लागला एकदाचा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोराचे डोळे भरले होते आणि ते माझ्या शहाणपणामुळे. मी म्हणाले, "अरे, तसं नाहीये," पण असं म्हणणारा माणूस नेहमीच खोटं बोलत असतो, आदित्य कशाला ऐकतोय.

शेवटी अक्काने वाटी आपटली. "शपथ गेली चुलीत. आदू, हिनेच आम्हाला सांगितलं होतं गोड बोला म्हणून. माझं पोट दुखायला लागलंय गप्प बसून. तुझा तो राक्षस जिना उतरतो तेव्हा पाय आधी टाकतो की पोट? पोट आधी येतं रे. असा उतरला तर तोंडावर पडेल."

आदित्य तिच्याकडे बघतच राहिला. "पोट आधी?"

"पोट आधी. मी दोनदा डोळे चोळून बघितलं."

मग काय, धरण फुटलं. माधव म्हणाला, कॉलनीतला चौकीदार फार गोरा, असा चौकीदार कुठे बघितलास. केतकी म्हणाली, मधलं गाणं ओढून ताणून घातलंय, मी तेवढ्यात समोसा आणून खाल्ला. वहिनी, सख्खी आई, म्हणाली की राक्षसाच्या खोलीत झाडू उभा ठेवलाय, घरात झाडू कुणी उभा ठेवतं का. माधवची सात वर्षांची नात ईरा म्हणाली, "वो रोया तब उसके आँसू नीचे क्यों नहीं गिरे?" आणि ते खरंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आदित्य वाद घालायला लागला. जिन्यावरचं पोट मुद्दाम तसं केलंय, झाडू दुसऱ्या माणसाने काढलाय, अश्रूंचं मात्र ईरा बरोबर बोलतेय. बोलता बोलता त्याने ताट जवळ ओढलं आणि वहिनीकडे डाळ मागितली. गाल लाल झाले होते त्याचे. इतकी खोड काढली म्हणजे आपल्या माणसांना सिनेमा मनापासून आवडला, हे त्याला पुण्याचं पाणी पिऊनही अजून कळत होतं. मला इतकं भरून आलं की मी तिसरा बाफला घेतला.

फक्त दादा बोलला नव्हता. तो जेवून उठला, हात धुवून आला आणि पंच्याला हात पुसत आदित्यच्या पाठीमागे उभा राहिला. आदित्यची पाठ ताठ झाली.

"नावं," दादा म्हणाला.

"काय, बाबा?"

"शेवटी नावं येतात ती. मुंगीएवढी अक्षरं आणि सर्रकन वर जातात. शुक्रवारी मी एकटा जाऊन आलो, चष्मा पुसेपर्यंत निघून गेलं. आज तुम्ही सगळे बाहेर पडलात, तेव्हा पडद्यापाशी जाऊन उभा राहिलो, तरी नुसतं 'आदित्य' हाती लागलं. पुढे 'प्रकाश' घातलंयस की नाही, ते काही दिसलं नाही."

आदित्य वळला, पण वर बघायची त्याची हिंमत होईना. पंच्याच्या टोकाकडे बघत तो म्हणाला, "घातलंय, बाबा. पूर्ण नाव घातलंय." मग म्हणाला, "पुढच्या सिनेमात अक्षर मोठं करायला सांगतो."

"सांग," दादा म्हणाला. "आणि जरा हळू सोडा म्हणावं."