केळीच्या वाडीतली दुपार

पापडी गावातली मार्था धापा टाकत चौकीत आली, तेव्हा हवालदार रघुनाथ सुर्वे एकटेच होते. १९७८ सालचा भाद्रपद होता.

"आमच्या शेजारचा बर्नार्ड प्यायलाय. बायकोला, हिल्डाला मारतोय. लवकर चला!"

जोडीदार शिपाई कोर्टात गेला होता. त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. पण बर्नार्ड ओळखीचा, नाताळात घरी केळ्यांचा घड पोचवणारा. सुर्व्यांनी काठीही घेतली नाही, तशीच सायकल काढली.

बर्नार्डच्या वाडीत शिरताच रस्त्याचे आवाज मागे राहिले. केळीच्या पानांतून झिरपलेला हिरवा उजेड अंगावर डुलत होता. आपण पाण्याखालून चाललोय, असं त्यांना वाटलं. सुजलेल्या ओठांची हिल्डा विहिरीच्या काठावर बसली होती. तिचा नवरा बर्नार्ड ओट्यावर बसून कोयत्याने वाळकी पानं कापत होता, अगदी सावकाश.

"या हवालदारसाहेब, बसा."

त्या मऊ आवाजाने सुर्वे निर्धास्त झाले. "कोयता ठेव आणि चौकीवर चल."

"माझ्या घरातून नेणार मला?"

"चल रे," म्हणत त्यांनी बायकोदेखत त्याचा दंड धरला.

कोयता कधी उचलला गेला, ते त्यांना दिसलंच नाही. ते जमिनीवर होते आणि वर पानं संथ हलत होती. दुखत नव्हतं. दूर चर्चची घंटा वाजत होती, की लहानपणीच्या देवळातली, कळेना. हिल्डाने लुगड्याचा पदर फाडून त्यांच्या मनगटावर घट्ट बांधला.

"दादा, डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा."

ओट्यावर बर्नार्ड हुंदके देत होता. मार्थाने बैलगाडी आणली.

पुढे बर्नार्डला शिक्षा झाली. सुर्व्यांची दोन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. हिल्डा दवाखान्यात भेटायला आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "याआधी कधी कळवलं नाहीस?"

"त्या दिवशीही मी नव्हतं बोलावलं. मार्थाने बोलावलं. त्याचं भान सुटलं की तो आधी असाच मऊ बोलतो, मग हात उचलतो. तुम्ही आल्या आल्या मला विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

 सुर्वे पुन्हा कामावर रुजू झाल्यावर गास गावाहून नवराबायकोच्या भांडणाची वर्दी आली. ते दोघा शिपायांना घेऊन गेले, अंगणाबाहेरच थांबले आणि आधी त्या घरच्या बाईला हाक मारली.