तिसरा प्रश्न

"मोठ्यानं वाचा," हेडसर म्हणाले.

विज्ञानाच्या बाईंनी चष्मा नीट केला. फाईल ओळखीची होती. प्रत्येक प्रयोगाचं एक पान, प्रत्येक पानावर तेच तीन प्रश्न. शाळेच्या कागदपत्रांत तिला विद्यार्थी संचिका म्हणत, मुलं नुसती फाईल म्हणत. शेवटच्या पानावरची पहिली दोन उत्तरं नेहमीसारखी नीटनेटकी होती. आज काय केलं? पाणी तापवताना तापमान कसं वाढतं ते मोजलं. काय दिसलं? पाणी उकळायला लागल्यावर पारा वर जायचा थांबला.

"'माझं काय चुकलं?'" बाईंनी पुढे वाचलं. "'माझ्यामुळे तिवई कलंडली. माझ्यामुळे बीकर पडला आणि मॉनिटरचा हात भाजला. मी सावध राहायला हवं होतं.'"

"झालं तर मग," हेडसर खुर्चीत मागे रेलले. "पोरीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. आपल्याला आणखी काय पाहिजे?"

मागच्या आठवड्यातल्या तासाला वर्गाची मॉनिटर भाजली होती. उकळतं पाणी मनगटापासून बोटांपर्यंत. तिचे वडील कंत्राटदार, शिवाय शाळेच्या समितीवर. तेव्हापासून ते एकच विचारत होते, जबाबदार कोण ते सांगा. आज मधल्या सुट्टीत ते उत्तर न्यायला येणार होते. ही फाईल ज्या मुलीची, तिच्या आईलाही त्याच वेळेला बोलावलं होतं.

"पोरीचा दाखला तयार ठेवलाय," हेडसर म्हणाले. "तुमची तेवढी एक सही."

"परीक्षा तोंडावर आलीय, सर. आता कोण घेईल तिला?"

"ते तिच्या आईनं बघावं."

"सर, तिवईचा पाय मोडका होता. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"आणि तिच्याखाली घडी केलेला पुठ्ठा कुणी घातला होता?" हेडसरांचा आवाज अजिबात चढला नाही. तो चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "हे बघा, पुढच्या आठवड्यात वरून माणसं येतायत, तुमची ही फाईलची पद्धत बघायला. सगळ्या शाळांत लावायची म्हणतात. इतकी वर्षं एकटीनं रेटलंत, आता कुठे नाव होतंय. कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

नाव व्हावंसं बाईंना वाटत होतं, अगदी मनापासून. उगाच कशाला नाही म्हणायचं? मुलं प्रयोग न करताच गाईडातला निष्कर्ष उतरवून आणायची, त्याला वैतागून त्यांनी हे सुरू केलं होतं. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले होते. बाईंचे नियम मोजके आणि कडक. पहिल्या दोन उत्तरांना बरोबर-चूक मिळे. तिसऱ्याला नाही. तिथे लाल पेन कधीच लागायचं नाही, कारण ते मुलांचं स्वतःशी बोलणं. मात्र ती जागा रिकामी सोडायची नाही. 'काहीच चुकलं नाही' लिहिणाऱ्याला त्या फाईल परत करत आणि विचार करून लिही म्हणत. मुलं त्यांना पाठीमागे 'चुकलंबाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं आवडतही होतं.

"सुट्टीपर्यंत विचार करते," असं म्हणून त्या फाईल घेऊन उठल्या.

प्रयोगशाळेत मुलगी बाकं पुसत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दारातून एक मुलगा ओरडून गेला, "ए सॉरी, घंटा झाली की तुला हेडसरांनी बोलावलंय." वर्गात तिला सगळे सॉरीच म्हणत. कुणाचा धक्का तिला लागला तरी सॉरी तीच म्हणायची, म्हणून. बाईंनी हे नाव शंभरदा ऐकलं असेल, आणि मुलांची चेष्टा म्हणून सोडून दिलं असेल.

"इकडे ये. बस," बाई म्हणाल्या. "मला नीट सांग. बीकर पडला तेव्हा तू कुठे होतीस?"

"मागच्या बाकाकडे वळले होते, बाई. पट्टी घ्यायला."

"म्हणजे तिवईला तुझा हात लागला नाही?"

"नाही."

"बाकाला धक्का?"

तिने जरा आठवून पाहिलं. "नाही, बाई. आपोआप कलंडली. त्या पायाच्या बाजूला."

"मग 'माझ्यामुळे' असं का लिहिलंस?"

मुलगी हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. प्रश्न तिला खरोखरच अवघड वाटला असावा. "मी वळले नसते तर धरली असती," ती शेवटी म्हणाली. मग बाईंचं समाधान झालेलं दिसेना, तशी हळूच म्हणाली, "आणि ते रिकामं ठेवायचं नाही ना."

बाईंनी फाईल पहिल्यापासून उलटायला घेतली. पानं त्यांनी तपासलेलीच होती, पण एकेक पान सुटं तपासलं होतं. सगळी मिळून कधी वाचली नव्हती. चुंबकाच्या तासाला वीज गेली होती. माझं काय चुकलं? मी लवकर उरकायला हवं होतं. बाकावरच्या शेजारणीच्या कुंडीतलं बी उगवलं नाही. मी त्याच्याकडे सारखी बघत होते, म्हणून असेल. थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवत होता. मला नीट वाचता येत नाही. या थर्मामीटरबद्दल मागच्या बाकावरच्या एका मुलाने 'थर्मामीटर खोटारडा आहे' असं लिहिलं होतं, आणि बाईंनी त्याला ते खोडून पुन्हा लिहायला लावलं होतं. पुढे थर्मामीटर खरंच बिघडलेला निघाला. त्यांनी तो गुपचूप टाकून दिला, पण त्या मुलाशी काही बोलल्या नाहीत.

सॉरीच्या प्रत्येक पानाखाली निळ्या शाईत बाईंचं अक्षर होतं. 'छान.' 'प्रामाणिक.' बियाच्या पानाखाली तर 'असंच स्वतःकडे बघत राहा' असं लिहून त्यांनी खाली सही केली होती. तेव्हा किती बरं वाटलं होतं तेही त्यांना आठवलं, आणि स्वतःची शिसारी आली.

घंटा झाली. बाईंनी एका हातात फाईल घेतली आणि दुसऱ्या हाताने कपाटामागे सरकवलेली ती तिवई बाहेर काढली.

"मी काय म्हणू, बाई?" मुलीने विचारलं.

"तू काही म्हणू नकोस. इथेच बस."

हेडसरांच्या खोलीत कंत्राटदार येऊन बसले होते. मोबाईल टेबलावर उलटा ठेवलेला, बोटं त्यावर टकटक करत होती. मुलीची आई दाराशी उभी होती. कारखान्यात कपडे शिवायचं काम सोडून तशीच आली असावी, कारण बाहीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. बाईंनी खुर्ची ओढून दिली, पण ती बसली नाही.

"माझ्या मुलीच्या हाताची कातडी निघालीय," कंत्राटदार म्हणाले. "रात्र रात्र रडते. मला इथे भाषण ऐकायचं नाही. कुणी केलं?"

"लेखीच आहे साहेब," हेडसर आईकडे वळले. "तुमच्या मुलीनं कबूल केलंय. तिच्या हातून झालं असं तिनंच लिहिलंय."

आईने मान डोलावली. वाद घालायला ती आलीच नव्हती. "तिनं लिहिलंय म्हणजे केलंच असेल," ती म्हणाली. "खोटं नाही लिहायची ती. बाईंनी शिकवलंय तिला तसं. घरी दूध उतू गेलं तरी माझं चुकलं म्हणून सांगते." मग तिने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "पण दाखला नका देऊ साहेब. पाया पडते. वाटलं तर प्रयोगाला बसवू नका तिला, पण शाळेतून काढू नका."

हेडसरांनी दाखल्याचा कागद बाईंच्या दिशेने सरकवला आणि वर पेन ठेवलं.

बाईंनी पेन उचलून बाजूला केलं आणि टेबलाच्या काचेवर तिवई उभी केली. ती लागलीच एका अंगाला झुकली. बोटाने सरळ केली, पुन्हा झुकली. त्या लोखंडाचा काचेवर होणारा आवाज त्या शांत खोलीत फार मोठा वाटला.

"ही ती तिवई," बाई म्हणाल्या. "हिला कलंडायला कुणाचा हात लागत नाही. मुलगी तेव्हा जवळही नव्हती, पट्टी आणायला वळली होती."

"बाई," हेडसर म्हणाले.

"नवी मागितली होती, मिळाली नाही. पण ही वापरायची नाही एवढं तर माझ्या हातात होतं. मी खाली पुठ्ठा घातला आणि वापरली. त्या दिवशी पुठ्ठा भिजला असणार. मी बघितलं नाही."

कंत्राटदारांची बोटं थांबली. "मग ती पोरगी असं लिहील कशाला? वेडी आहे का?"

"नाही. मी तिथली जागा रिकामी सोडू देत नाही म्हणून." बाईंनी फाईल उघडली. त्यांनी सावकाश वाचलं. वीज गेलेलं पान. थर्मामीटरचं पान. बी न उगवलेलं पान. "हे सगळंही तिच्यामुळेच झालंय, साहेब. वीजसुद्धा."

"माझी मुलगी काय लिहिते?" कंत्राटदारांनी अचानक विचारलं.

"अक्षर आणखी चांगलं काढायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला तेच. हुशार आहे, तिनं वाट काढली. हिला ती सापडली नाही."

हेडसर पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? आलेल्या माणसांना मी हे सांगू? की इतकी वर्षं तुमची पद्धतच चुकीची होती?"

आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी बाईंनी एकच गोष्ट उभी केली होती, आणि ती त्या मोडक्या तिवईशेजारी टेबलावर पडली होती.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मुलांनी स्वतःकडे बघावं हे बरोबर होतं. पण मी त्यांना दुसरीकडे बघूच दिलं नाही. काय चुकलं एवढंच विचारायला हवं होतं. ते कुणाचं हे मीच आधी ठरवून टाकलं."

"मग दाखला या बाईंनाच द्या," कंत्राटदार उठत म्हणाले. दारापाशी थांबून त्यांनी एकदा तिवईकडे पाहिलं, आणि आईकडे न बघताच निघून गेले.

बाहेर व्हरांड्यात आईने बाईंना गाठलं. तिचा चेहरा गोंधळलेला होता. "म्हणजे तिनं केलंच नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. ती तिथे नव्हतीच."

आई भिंतीला टेकली. बाहीवरचा एक दोरा ती बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. "मी मारलं तिला, बाई," ती म्हणाली. "फार मारलं. ती सॉरी म्हणत होती, म्हणून मला वाटलं खरंच केलंय."

बाईंनी तिचा हात धरला. थोड्या वेळाने आई कारखान्यात परत गेली. अर्ध्या दिवसाची रजा तिला मिळाली नव्हती.

मुलगी शाळेत राहिली. वरून येणारी माणसं आली नाहीत. त्यांना काय कळवलं ते हेडसरांनी बाईंना सांगितलं नाही. विज्ञान आणि प्रयोगशाळा एका नव्या सरांकडे गेली आणि बाईंना खालच्या वर्गांचं हस्ताक्षर आणि ग्रंथालय मिळालं. सर भले होते, पण त्यांनी छापील वह्या मागवल्या, ज्यांत निष्कर्ष आधीच छापलेला होता. नवी तिवई मात्र आली, चकचकीत.

विज्ञानाच्या आपल्या शेवटच्या तासाला बाईंनी मुलांकडून काचेची भांडी कपाटात लावून घेतली आणि फाईलमध्ये एकेक पान लिहायला सांगितलं. फळ्यावर त्यांनी पहिले दोनच प्रश्न लिहिले. मग गठ्ठा पुढे घेऊन तपासायला बसल्या. मुलं एकेक करून आपापली फाईल घेऊन जात होती. सॉरीची फाईल तळाशी होती आणि ती दाराजवळ दप्तर घेऊन उभी होती.

आज काय केलं? भांडी पुसून कपाटात ठेवली. काय दिसलं? कपाट भरलं, बाईंचं टेबल रिकामं झालं. त्याखाली, फळ्यावर नसताना, तिने सवयीने तिसरा प्रश्न स्वतःच लिहिला होता. माझं काय चुकलं? मी ते पान लिहिलं नसतं तर बाई गेल्या नसत्या.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. मग ड्रॉवर उघडून लाल पेन काढलं आणि त्या उत्तरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली, इतकी दाबून की खालच्या कागदावर वळ उमटला.

मुलगी जवळ आली. तिने फाईल घेतली, पान पाहिलं आणि तिला विश्वास बसेना. "चूक दिली, बाई?"

"हो."

"पण तिसऱ्याला तुम्ही कधी…"

"आज दिली. साफ चूक आहे."

मुलीने फुलीवरून बोट फिरवलं. नेहमीचा शब्द तिच्या ओठांवर आला, बाईंना तो दिसला, पण तो बाहेर पडला नाही. तिने फाईल दप्तरात घातली, बंद ओढून घेतला आणि गेली. बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.