दुपारचा पहारा

दोन वाजून दहा मिनिटं झाली तरी पोपटशेठचा पत्ता नव्हता, आणि शिवरामच्या गळ्यातली वीणा काही उतरत नव्हती.

बोनकोड्याच्या विठ्ठलमंदिरात सप्त्याचा पाचवा दिवस. सात दिवस नाम थांबू द्यायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, हा गावाचा नेम. दोन-दोन तासांचे पहारे असत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पाया पडून, नाव घेत घेत. पुढचा आला नाही तर आधीचा उभाच. ताप असो की पाय सुजोत, पहाऱ्याचा गडी देवळाबाहेर पाऊल टाकत नसे.

"बाबा," पायरीवरून अरविंदनं हाक मारली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात बूट, काखेत खाकी फाईल. "पोपटकाका नाय आला अजून?"

शिवरामनं नुसती मान हलवली. ओठांवर रामकृष्णहरी चालू होतं. पहाऱ्यावर नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नसतो. आजच्याइतका हा नियम त्याला कधीच सोयीचा वाटला नव्हता.

"अडीचची बस चुकली तर पाचच्या आत सांताक्रूझ नाय गाठत आपण. मी बघून येतो काकाला." बूट तसेच हातात घेऊन पोरगा उन्हातून अनवाणी पळत गेला.

पंधरा दिवसांपूर्वी ते पत्र आलं होतं. लहान लहान गावांना विमानानं जोडणारी एक नवी कंपनी निघाली होती, तिला वैमानिक हवे होते. वाशीच्या कॉलेजात एनसीसीत ग्लायडर उडवणाऱ्या अरविंदनं हौसेनं परीक्षा दिली आणि दीड हजार पोरांतून जी अकरा निवडली त्यांत याचं नाव. दोन वर्षं उत्तरेत शिक्षण, मग आठ वर्षं कंपनी पाठवील तिथं नोकरी. बहुतेक आसामच्या बाजूला. मुलगा एकवीसच्या आतला, म्हणून बापानं स्वतः कचेरीत येऊन सही करायची, शुक्रवारी पाचच्या आत. आज शुक्रवार होता.

पत्र वाचून दाखवल्यावर अरविंद म्हणाला होता, "तुमी नाय बोललात तर नाय जानार, बाबा. राग पन नाय धरनार." पोर खोटं बोलणारं नव्हतं, आणि शिवरामची पंचाईत तिथंच झाली. भांडला असता तर बरं झालं असतं. पंधरा दिवस शिवराम "बघू" म्हणत राहिला.

तसा शिवराम म्हणजे गर्दीत न दिसणारा माणूस. आधी मिठागरात होता. मिठागरं गेली, शहर आलं, तेव्हा तो नव्या वसाहतीच्या पाण्यावर वॉल्वमन म्हणून लागला. पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला लोखंडी चावी घेऊन तो वॉल्व फिरवी आणि मग वाकून जाड पाइपाला कान लावी. आत पाणी निघालं की एक लांब हुंकार ऐकू येई. तो ऐकल्याशिवाय तो तिथून हलत नसे. तिकडे सेक्टरातल्या शेकडो नळांना धार लागे. ती कोण सोडतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्याला काही नव्हतंही. अरविंद सात वर्षांचा असताना बायको भागीरथी गेली. तेव्हापासून घरात दोघंच. एकानं भात टाकायचा, दुसऱ्यानं कालवण. सगळ्यांनी सांगूनही त्यानं दुसरं लग्न केलं नाही. घरात अजून एक श्वास चालू आहे एवढ्यावर त्याची तेरा वर्षं निघाली होती.

आणि दुसरं सुख कीर्तनाचं. पंचक्रोशीत कुठंही बुवा उभे राहोत, शिवराम पहिल्या रांगेत. सप्त्याचे सात दिवस तर तो पाण्यावरून रजाच काढी. कालच्या कीर्तनात बुवांनी अक्रूराचा रथ लावला होता. गोपींनी चाकं धरली, घोड्यांपुढं आडव्या पडल्या. यशोदेनं मात्र दहीभाताची शिदोरी बांधली आणि हात मागं घेतला. बुवा म्हणाले, "मायबाप हो, ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं, तिनंच चाक धरलं नाही!" मृदंग थांबला होता. शिवराम ढसाढसा रडला होता.

आणि तोच शिवराम आज सकाळी उठून काय करून बसला होता, ते त्याचं त्यालाच माहीत.

देवळात आता खांबाशी बसलेली बायजाबाई तेवढी होती. सत्तरीची म्हातारी, देऊळ झाडणारी, वाती वळणारी. बाकी गाव जेवून आडवं झालेलं. तिनं टाळ हातात घेतला आणि म्हणाली, "मी नाव घेतंय. तू बोल. मघापासना तुझा तोंड बघतंय मी. बोल, नायतर फुटशील."

तिनं नाम उचललं. शिवरामचं थांबलं.

"बाय," तो म्हणाला, "माझी चूक झाली."

तिचा टाळ चालूच.

"पोपटला मीच सांगितला सकाली. दुपारचा पहारा मना दे, आनी दोनला येव नको, चारपावत मीच हाय. त्याला काय, तो खूस झाला."

टाळाचा एक ठोका चुकला. मग पुन्हा लय लागली.

"इना गल्यान असला का मना कोनी काय बोलनार नाय. पोराला नाय म्हनायला नको, हो म्हनायला नको. बस निंगून जाईल. देवाच्या कामान बापूस अरकला, एवराच व्हईल." त्यानं वीणा छातीशी धरली. "मी देवाच्या आर लपलो, बाय."

म्हातारीनं हातानं खूण केली. आता त्यानं नाम उचललं आणि ती बोलू लागली. तिचं बोलणं मधेच तोडायची सोय त्याला राहिली नाही.

"माझा गोटीराम बोटीवर लागनार व्हता. ठावं हाय ना तुना? कागुद आला व्हता. मी जेवान सोरला. तीन दिस पानी नाय पिला. ऱ्हायला पोर. आता समोरच्या दारान ऱ्हातं. रोज दिसतं. नलावर हंडा भरतं, बायकोशी बोलतं, कुत्र्याशी पन बोलतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मना आये म्हनून हाक मारल्याला अकरा वर्सा झाली."

शिवरामचं नाम पुटपुटण्यावर आलं होतं.

"मोठ्यानं घे," ती म्हणाली. "देव बहिरा नाय, पन नेम तो नेम."

इतक्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. अरविंद आला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, बूट अजून हातातच.

"पोपटकाका घणसोलीला गेलाय, भाचीच्या लग्नाच्या सुपारीला." तो दम घ्यायला थांबला. "काकी बोलली, तुमीच त्याला सांगितलंत. चारपर्यंत येऊ नको म्हणून."

शिवरामनं खाली बघितलं. वीणेच्या तारांवरून अंगठा फिरत राहिला.

पोरगा काहीतरी ओरडेल, फाईल आपटेल, याची तो वाट बघत होता. अरविंदनं बूट पायरीखाली नीट जोडून ठेवले. पाय धुतले. फाईल कोनाड्यात, तेलाच्या बाटलीशेजारी सरकवली. खुंटीवरचा टाळ काढला, भिंतीशी बसला आणि बापाच्या सुरात सूर मिसळून नाम घेऊ लागला. आवाजात राग नव्हता. शिवरामनं कान देऊन शोधला, कुठंच नव्हता.

वरून एक विमान खाली खाली येत खाडीकडे गेलं. तशी दिवसभर जात. अरविंद लहानपणापासून प्रत्येक विमानाला मान वर करायचा. आज त्यानं केली नाही.

बायजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले, पदर खोचला आणि शिवरामसमोर येऊन उभी राहिली.

"दे इकरं इना."

शिवराम नाम विसरला. अरविंदनं आवाज चढवून ते सांभाळलं.

"बाय, गावान बाईमानसानं कवा…"

"मना नको शिकवू. सारवान मी करतंय. वाती मी वलतंय. देवाच्या भांड्यांची राख माझ्या नखान हाय. मंग इनाच कशाला नको?"

"गाव काय बोलंल?"

"गाव उठंल तवा बोलंल. आता घोरतंय." तिनं मान पुढं केली. "जा रं. पोर गप बसलाय, तवर जा. माझा पन असाच गप बसलेला."

शिवरामनं वीणा काढली, तिच्या गळ्यात घातली आणि तिच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं टेकवलं. म्हातारीनं डाव्या हातानं भोपळा सांभाळला, उजव्या हाताचं बोट तारेवर ठेवलं. जन्मभर पाहिलेलं होतं, कुणी शिकवायला लागलं नाही.

"बूट घाल," शिवराम पोराला म्हणाला.

बस चुकलीच होती. मागून येणारा एक ट्रक मिळाला मानखुर्दपर्यंत, पुढं दोन बसगाड्या. पूल ओलांडताना अरविंद एकदा म्हणाला, "बाबा, अजून पन परत जाऊ शकतो आपण." शिवराम खाडीकडे बघत म्हणाला, "गप बस."

कचेरीत पोचले तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. टेबलामागे सुनीती नावाची पाटी लावलेली तरुण बाई कागद आवरत होती.

"वडील काय करतात?"

"पान्यावर हाय मी. वॉल्वमन."

तिनं लिहून घेतलं. "दोन वर्षं शिक्षण, पुढं आठ वर्षं मुलगा कंपनीचा. पाठवतील तिथं जावं लागेल. घरची अडचण सांगून मधेच बोलावून घेता येणार नाही. हे सगळं वाचलंय ना तुम्ही?"

"इंग्लिस येत नाय वाचाया. पन ठावं हाय."

"काही विचारायचंय?"

दहा वर्षांचं काय विचारणार? मग जे एक त्याला कळत होतं तेच त्यानं विचारलं, "तिकरं पानी कसा असतं, बाई?"

ती हसायला लागली होती, पण त्याच्याकडे बघून थांबली. "चांगलं असतं, काका. डोंगरातलं असतं."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि सही करायला वाकला. 'शि' काढायला वेळ लागला. पुढचं झटकन झालं.

साडेसातला गावात परतले तेव्हा हरिपाठ संपला होता. पुरुषांच्या दोन ओळी अजून उभ्या होत्या आणि मधोमध बायजाबाई, गळ्यात वीणा. घणसोलीहून परतलेला पोपटशेठ कपाळाला हात लावून दारातच भेटला.

"शिवराम, तूच बोल बाबा हिला! चारपासना मागतोय, सोरत नाय. बोलते, शिवरामचा इना शिवरामलाच दीन. पाच तास झाले! आमी दोन तासान तीन वेला चाय मागतो."

"कोनी काय बोलला नाय?" शिवरामनं विचारलं.

"दोघं-तिघं बोलले. ती नाव घेत व्हती, ऐकनार कशी?"

शिवराम पाय धुऊन आत गेला. म्हातारीचे घोटे सुजले होते. पायांशी स्टीलचा एक गिलास होता, अर्धा पाण्यानं भरलेला. वीणा गळ्यात घेताना त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"झाली सही?"

त्यानं मान डोलावली.

"गोटीराम आला व्हता," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "बोलला नाय काय. गिलास ठेवून गेला." आणि गिलास उचलून, पदराखाली धरून, भिंतीला हात लावत ती बाहेर पडली.

पुढच्या महिन्यात अरविंद निघाला. शिवरामनं केळीच्या पानात दहीभात बांधून दिला. दोघं थांब्यावर आले. "पत्र टाका," पोरगा म्हणाला. "तूच टाक, मना येतं कुठं लिवाया," बाप म्हणाला. दोघंही हसले. अरविंद पाया पडला, चढला, खिडकीशी बसला. शिवरामचा हात आपोआप खिडकीच्या गजाकडे गेला आणि गजावर घट्ट बसला. कंडक्टरनं घंटी मारली. शिवरामनं हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता, आणि एकेक बोट सोडवून मागं घेतलं.

बस वळणाआड गेली. सहा वाजायला आले होते. घरी न जाता तो सरळ पाण्यावर गेला. चावी लावली, दोन्ही हातांनी जोर देऊन वॉल्व फिरवला, वाकून पाइपाला कान लावला. आतून तो लांब हुंकार आला. पाणी निघालं होतं. एरवी एवढं ऐकून तो उठायचा. आज तो तसाच वाकून राहिला, दूर कुठंतरी नळांना धार लागेपर्यंत.