घोंगड्याखालचा धूर

मी घोंगडं बोलतोय. काळ्या मेंढीच्या लोकरीचं हाय, टोचणारच. ज्याला टोचतंय त्यानं लांब बसावं.

माण तालुक्यात उल्हासच्या बापानं मला विणलं, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं. उल्हासला बनारसला रेल्वेत नोकरी लागली, तवा बापानंच मला ट्रंकेवर बांधून दिलं. थंडीत पांघरायचं, पावसात डोक्यावर घ्यायचं, एवढं माझं काम मला ठावं. पण काल ह्या लोकांनी माझं काय चालवलं, ते आजून कळंना.

काल अमावस्या. उल्हास, त्याची बायको गीता आन् हितल्याच जुन्या मराठी घरातली निवेदिता मास्तरीण, तिघं गंगापारच्या रेतीवर दुर्बीण घिऊन गेली. कशाला? तर आभाळातले धुरकट ठिपके बघायला. तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका, नावं लई मोठी. म्हणं, असल्या शंभरावर ठिपक्यांची यादी हाय, आन् वर्सातनं ह्याच दिसांत ती सगळी एका रातीत घावती. आरं, धूरच बघायचा व्हता तर नदी कशाला वलांडली? मणिकर्णिकेच्या चितांवर काय कमी हाय?

उल्हासच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. जिथं बघंल तिथंच काळं. पेपर वाचता येत न्हाई. गीता समोर बसली तर कान दिसत्यात, केस दिसत्यात, तोंड न्हाई. डॉक्टर म्हणला, गेलं ते परत येणार न्हाई. तवापास्नं त्यानं हट्टच धरलाय, आजून जे दिसतंय त्यात ही यादी पुरी करायची. ह्यांचा कायदा कडक. सवताच्या डोळ्यानं दिसलं तरच मोजायचं.

घाटावरच्या दिव्यांचा उजेड नको, म्हणून त्यानं मला डोक्यावरनं पार दुर्बिणीवर वढलं.

"उल्हासभाऊ, सीधा मत देखिए," निवेदिता म्हणली. "जरा बाजूला बघा, म्हणजे दिसेल."

आता ही कुठली रीत? जे बघायचं, त्याच्याकडं बघायचंच न्हाई! पण त्याला दिसाय लागलं. "हा घावला! ह्यो बी घावला!" रातभर पोरावानी वरडत व्हता.

पहाटं एकच उरला. "दिसला!" म्हणून त्यानं माझ्याखालीच उडी मारली.

निवेदितानं डोळा लावला. दुर्बीण जरा हलवली. परत हलवली.

"बोल की!"

"भाऊ, दुर्बीण हलवली तरी ठिपका हलत नाही. ये तो साँस की भाप है. काचेवर."

"मग मघाचे?"

"कुछ तो सही होंगे."

"कुठले?"

तिला बी सांगता येईना. उल्हासनं मला वढून रेतीत फेकलं. "ह्या घोंगड्यानं घात केला!"

घात? मी ऊब धरली. दुसरं काय करायचं असतं घोंगड्यानं? श्वास तुझा, काच तुझी, आन् लाथ मला!

उजाडलं. गीतानं थर्मासातला चहा वतला. "घ्या. किती झाले?"

"एकबी खरा न्हाई."

तो नदीकडं तोंड करून बसला. गीता दुसऱ्या अंगाला. बराच येळ झाला तसा तिचा पारा चढला.

"तिकडं काय बघताय? मी हितं हाय."

"तुलाच बघतोय. हलू नको."

"येड लागलं का?"

"कपाळाला रेती लागलीया तुझ्या."

तिनं हात फिरवला.

"टिकली बी पाडलीस की गं!"

गीताचा हात तसाच कपाळावर. "दिसतंय व्हय?"

"धुरकट हाय. पण हाय."

तिनं हात खाली घेतला. मग म्हणली, "एक मोजा तर."

निवेदिता दुर्बिणीचे स्क्रू सोडीत व्हती, ती उगाच पाठ फिरवून सोडाय लागली.

आता नदी वलांडून परत आलो, मी शिंदे घाटाच्या पायरीवर वाळत पडलोय. दवानं जड झालोय, अंगात रेती हाय. माझ्यावरच दोघं बसल्यात. ती त्याच्याकडं बघती, तो नदीकडं बघून तिला बघतो. मला यातलं काय बी कळंना. फकस्त एक ऐका. मी वाळंस्तवर हितनं उठू नका.