माझ्या मापाची चाकं

मित्रांनो, मी नवागामातली शाळेची व्हॅन. वय झाले, पत्रा गंजला, पण माझ्या चालवणारीला अपराधी ठरवले ते मी अजून विसरलेले नाही. म्हणून आज बोलते आहे.

कारखान्यात मला लहान चाके बसवली होती. माझ्या इंजिनाचा जोर आणि ब्रेकची पकड त्या मापाला जुळवलेली होती. पुढे पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या मिलमध्ये काम करणाऱ्या पंडितने मला जुन्या बाजारातून घेतले. त्याची बायको मनीषा मला चालवू लागली. सहा वर्षे आम्ही दोघींनी मुलांची ने-आण केली. कधी ओरखडा नाही. सगळ्या आया तिचे नाव काढत.

मनीषाचा दीर हेमराज गॅरेजात काम करी. खड्ड्यांत माझे पोट घासते हे त्याला बघवेना. एके दिवशी त्याने मला चांगली मोठी, जाडजूड चाके चढवली. मी उंच दिसू लागले. खोटे कशाला बोलू, मीही जरा फुशारले!

पण दुसऱ्याच दिवशी पुलाचा चढ आला आणि मला तो चढवेना. मोठे चाक फिरवायला जास्त जोर लागतो, तो मी आणायचा कुठून? वेगाचा काटाही खोटे बोलू लागला. मी जास्त पळत होते आणि तो कमी दाखवत होता. मनीषा म्हणाली, "भाऊ, गाडी वेग उचलत नाही आणि लवकर थांबतही नाही." हेमराज हसला.

आठवड्याने साड्यांच्या गाठींचा टेम्पो पुढे अचानक थांबला. मनीषाने पूर्ण ब्रेक दाबला. मीही जीव खाऊन चाके आवळली, तरी टेम्पोला धडकलेच. आत बसलेल्या, वस्तीतल्या सरलाबाईंच्या नातीच्या कपाळाला टेंगूळ आले.

संध्याकाळी हेमराज म्हणाला, "गाडीनी चूक नही, वहिनी, तुमनी शे. उद्यापासून मी चालवीन."

मनीषाने मान खाली घातली नाही. "मंग मोजीसन दावसू," ती म्हणाली, आणि मी किती अंतरात थांबते ते मोजून दाखवायचे तिने ठरवले.

रविवारी सकाळी वस्तीमागच्या मोकळ्या मैदानात तिने चुन्याची रेघ ओढली. सरलाबाईंनाही बोलावले. वेग फोनवर बघायचा आणि ब्रेक हेमराजनेच दाबायचा, असे ठरले. फोनवर चाळीस झाले तेव्हा माझा काटा पस्तीसवर होता. रेघेवर त्याने ब्रेक दाबला. मी थांबले तिथे मनीषाने वीट ठेवली. मग माझी जुनी चाके चढवली. तोच वेग, तीच रेघ, तोच पाय.

या वेळी मी विटेच्या तीन पावले अलीकडे थांबले.

हेमराज ती तीन पावले दोनदा चालून आला. "ब्रेक तर मीच दाबेल व्हता," तो पुटपुटला. मग स्वतःकडे बोट दाखवत म्हणाला, "वहिनी, चूक मनी शे."

सरलाबाईंनी नातीचा हात मनीषाच्या हातात दिला. "सोमवारी येशी ना व बाई?"

मित्रांनो, मला धुवा, तेल द्या, ब्रेक तपासा. मी तुमच्यासाठी झिजेन. पण दिसण्यासाठी माझे माप बदलू नका, आणि काही बिघडले की आधी चालवणाऱ्या बाईकडे बोट दाखवू नका. मी लहान चाकांची आहे. त्यात मला कमीपणा वाटत नाही.