दोरीचा मानकरी

"तुझ्या पिशवीत मांजर आहे का गं?" दोरी खेचता खेचता विचियन खेकसला.

"नाही काका, डबा आहे," रोज त्याच्या शेजारी बसणारी नोंगयाव म्हणाली आणि मांडीवरची कापडी पिशवी तिने सावरून घेतली.

"मग ती रोज माझ्या बरगडीत का घुसते? जरा स्वस्थ बसत जा की!"

तेवढ्यात समोरून आलेली बोट घरघरत शेजारून गेली. कालव्याचं काळं पाणी उसळलं आणि विचियनने वर ओढून धरलेल्या निळ्या ताडपत्रीवर थाडकन आपटलं. आत एक थेंबही उडाला नाही. त्याने दोरी सैल सोडली, ताडपत्री खाली आली, वारा आत शिरला. मागच्या बाकांवरची माणसं पुन्हा आपापल्या चिकट भातात आणि काडीवर भाजलेल्या मांसात गुंतली.

बँकॉकच्या या कालव्यात ताडपत्री ओढायचं काम बोटवाले करत नाहीत. जो कडेला बसेल त्याने ते करायचं, असा रिवाज आहे. त्यामुळे शहाणी माणसं कडेला बसतच नाहीत. विचियन मात्र सव्वीस वर्षं हट्टाने कडेलाच बसत आला होता.

तो प्रातुनामच्या एका ठोक दुकानात बटणांचा कारकून होता. घर मीनबुरीच्याही पलीकडे. आधी टपाच्या गाडीत अर्धा तास, मग बोट, मग चाल. जायला दोन तास, यायला दोन तास. पहिल्या महिन्यात तो या प्रवासाला इतका विटला, की नोकरी सोडायच्या बेतात होता. झोपून पाहिलं, मान अवघडली. पेपर वाचून पाहिला, तो भिजला. काठावरची घरं मोजून झाली, त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्या मोजून झाल्या. मग एके दिवशी गर्दीत कडेची जागा नशिबी आली आणि दोरी हातात पडली. त्याने ती उशिरा ओढली, एक बाई नखशिखांत भिजली आणि तिने प्रातुनाम येईपर्यंत त्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम त्याच जागेवर जाऊन बसला.

दोरी काय, कोणीही ओढतो. पण भित्रा माणूस ताडपत्री सारखी वरच धरतो आणि आतली माणसं उकडून निघतात. आळशी माणूस लाट अंगावर आल्यावर जागा होतो. विचियन लाटेच्या बरोबर आधी ओढायचा आणि ती गेली की लगेच सोडायचा. वळणापलीकडच्या बोटीचं इंजिन ऐकून ती भरलेली आहे की रिकामी हे तो सांगू शकत असे. कालवा अरुंद होतो तिथे लाट सिमेंटच्या भिंतीवर आपटून परत फिरते, तेव्हा दोरी दोनदा ओढावी लागते. हे बोट चालवणाऱ्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुकानात तो आठवडाभर गेला नसता तरी बटणांचं काही अडलं नसतं. इथे मात्र शंभरेक माणसं त्याच्या भरवशावर इस्त्रीचे कपडे घालून बसत. अशा माणसाला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही, पण कारकून हा शब्द त्याला फार तोकडा पडतो.

गेल्या वर्षापासून कान जड झाले होते. टीव्हीच्या आवाजावरून मुलगी कटकट करायची. "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस," असं म्हणून तो वेळ मारून नेई. पण मनातून तो हादरला होता. कानच गेले तर दोरी जाणार, आणि दोरी गेली की उरणार काय, नुसती बटणं! पण लाटा अजून चुकत नव्हत्या. हात आपोआप वेळेवर उठत होते. सव्वीस वर्षांचा सराव आहे, कानांवाचून काही अडत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी बांगकापीच्या धक्क्यावर एक म्हातारे भन्ते चढले. कंडक्टर थोंगदी डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत येत ओरडला, "काकांच्या शेजारी जागा करा! भन्ते आहेत!"

भन्तेंना बाईचा स्पर्श चालत नाही. नोंगयावला उठणं भाग होतं. तरी ती घुटमळली.

"मी... नाही, म्हणजे, पुढच्या बाकावर बसवूया का त्यांना?"

"अगं ऊठ की!" विचियनने तिला हाकललं. "भन्तेंना उभं ठेवतेस?"

ती दोन बाक मागे जाऊन बसली. भन्ते डोळे तपासायला दवाखान्यात निघाले होते. त्यांनी दोरीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. विचियनला नीट ऐकू आलं नाही, पण प्रश्न त्याच्या आवडीचा असणार हे त्याने ताडलं.

"सव्वीस वर्षं, भन्ते," तो अभिमानाने म्हणाला. "या बाकावर..."

पुढचं वाक्य पाण्यात गेलं. लाट ताडपत्रीवरून आत आली आणि थेट भन्तेंच्या अंगावर कोसळली. चीवराचा गेरू रंग काळाठिक्कर पडला. विचियनने झटक्यात मागे वळून पाहिलं. सगळी बोट त्याच्याकडे बघत होती. नोंगयाव उभी होती, दोन्ही हात तोंडाभोवती धरून. पुढच्या-मागच्या बाकांवर सगळ्यांची तोंडं उघडी होती, आणि थोंगदीचा चेहरा ओरडून ओरडून लाल झाला होता. एवढी माणसं आपल्या नावाने ओरडली आणि आपल्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

"चला," भन्ते तोंड पुसत म्हणाले, "आजची आंघोळ उरकली." कोणी हसलं नाही. विचियनने हात जोडून मान खाली घातली ती प्रातुनामपर्यंत वर केली नाही. दोरी पुढच्या बाकावरच्या कोणीतरी ओढली.

धक्क्याच्या पायऱ्यांवर तो नोंगयावची वाट पाहत थांबला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पिशवी. लाट यायच्या आधी माझ्या बरगडीत."

ती खाली बघू लागली. मग त्याच्या कानाजवळ येऊन, स्पष्ट आवाजात म्हणाली, "एप्रिलपासून, सोंगक्रानच्या सुट्टीनंतर."

"सात महिने!" तो पायरीवरच बसला. "आणखी कोणाला माहीत आहे?"

बोटीचा दोर सोडता सोडता थोंगदीने तोंडाशी हात नेला आणि ओरडून सांगितलं, "काका, आख्ख्या बोटीला! तिच्या जागेवर दुसरं कोणी बसू नये म्हणून मी रोज भांडतो!"

"आणि मी तुला रोज बोलायचो."

"रोज," नोंगयाव म्हणाली. "रविवारी चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं."

"माझी लाज राखलीस, पोरी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

"मला फक्त ऐकू येतं, काका. बाकी सगळं तुमच्याच हातात आहे. उद्याही मी तिथेच बसणार."

दुसऱ्या दिवशी बोट गच्च भरली होती, पण कडेची जागा रिकामी होती. शेजारी नोंगयाव पिशवी घेऊन बसलेली. बाकीचे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. विचियन काठ ओलांडून आत आला आणि क्षणभर उभा राहिला.

"सरक," तो म्हणाला.

"कुठे?"

"कडेला. माझ्या जागेवर."

"काका, असं काय करता? छान चाललंय की आपलं. काल भन्ते आले म्हणून..."

"उद्या आणखी कोणी येईल. भिजणारा माझ्या हट्टापायी भिजतो. सरक."

ती सरकली. तो तिच्या जागेवर बसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचे हात मोकळे होते, आणि बोटीचा हा प्रवास पंचावन्न मिनिटांचा आहे हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

पहिल्याच वळणावर लाट आली. नोंगयावने ती ऐकली, पण दोरी उशिरा ओढली. पाण्याचा फटकारा विचियनच्या तोंडावर बसला. थोंगदी काहीतरी बोलायला पुढे आला आणि तसाच थांबला. विचियनने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नाकावर ठेवला.

"ऐकल्यावर विचार करतेस," तो म्हणाला. "विचार करू नकोस. ओढ."

दुसरी लाट ताडपत्रीवर आपटली. आत सगळं कोरडं. तिसरी भिंतीवरून परत फिरली, तेव्हा तिने दोरी दोनदा ओढली. विचियन बाकाच्या टोकाशी पुढे सरसावून बसला होता, दोन्ही मुठी गुडघ्यांवर घट्ट आवळून. नोंगयावने दोरी ओढली की त्या मुठी वीतभर वर उठत, आणि लाट निघून गेली की सावकाश गुडघ्यांवर येऊन टेकत.